भामाबाईंचा धबधबा

भामाबाई सरपंच झाल्यापासून गावाचा माइकचा खर्च वाचला होता. त्या दिवशीही पदर कमरेला खोचून त्या खाणीच्या फाटकासमोर उभ्या राहिल्या, आणि आत ऑफिसात बसलेल्या अतुल मॅनेजरला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू गेला.

"माज्या खाचरात येऊन बगा! तुमच्या खाणीचा गाळ भातावर बसलाय. एकदा लावल्याली आवणी मातीत गेली. आता दाढेत, रोपांच्या वाफ्यात, राखून ठिवलीत तेवडीच रोपं हायेत. ती बी गेली तर औंदा घरात इंद्रायणीचा दाना येनार न्हाई!"

बोलण्यात काडीचंही खोटं नव्हतं. मागल्या जोराच्या पावसात डोंगराकडून करड्या रंगाचं पाणी आलं आणि ओसरलं तेव्हा खाचरातली कोवळी रोपं सिमेंट ओतल्यासारखी गाडली गेली होती. भामाबाई बांधावर बसून रडल्या. गावाला हे ठाऊक नव्हतं, फक्त सून तेजलला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी डोळे पुसून त्यांनी फोन उचलला. खाणीतून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्यावर जे सरकारी कार्यालय देखरेख ठेवतं, तिथली अधिकारी यायला कबूल होईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.

म्हणूनच श्रद्धा मॅडम रविवार असूनही हजर झाल्या होत्या. सोमवारपर्यंत तो आवाज कानाशी घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

अतुलने मुकाट्याने फाटक उघडलं. चालू खाणीतलं पाणी खाली तीन तळ्यांत फिरवलेलं होतं. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात उरलेला बसायचा आणि तिसऱ्यातून निवळलेलं पाणी ओढ्याला जायचं. श्रद्धाने तिसऱ्या तळ्याच्या तोंडाशी काचेची बाटली भरली आणि उजेडात धरली. पाणी किंचित गढूळ होतं, इतकंच.

"बाई येनार म्हनून झाडून पुसून ठिवलंय," भामाबाई म्हणाल्या.

"पावसात तळं झाडून ठेवता येत असतं तर मी आजच नोकरी सोडली असती, सरपंच," अतुल म्हणाला.

श्रद्धा हसली नाही. तिचं लक्ष शेजारच्या कड्याकडे गेलं होतं. तिथून पांढरीशुभ्र धार खाली कोसळत होती, आणि खाली रंगीत रेनकोट घातलेली माणसं ओरडत भिजत होती. "आणि ते काय आहे?" तिने विचारलं.

"त्यो? त्यो आमचा धबधबा." भामाबाईंची मान जरा ताठ झाली.

ताठ व्हायलाच हवी होती. ती सगळी त्यांचीच करामत. वरची जुनी खाण कधीच बंद पडली होती. ठेकेदार खडी घेऊन गेला आणि मागे भलामोठा खड्डा अन् कड्याखाली दगडी भुकटीचा ढीग ठेवून गेला. खड्डा पावसाने भरायचा आणि पाणी मागच्या चरातून गुपचूप ओढ्याला निघून जायचं. लोहगडवाडीला गाड्यांची रांग लागली की कंटाळलेले पर्यटक याच रस्त्याने माघारी जात, पण गावात थांबत नसत. ते बघून भामाबाईंना युक्ती सुचली. दोन वर्षांमागे त्यांनी माती-धोंडे टाकून तो चर बुजवला. खड्डा काठोकाठ भरला आणि पाणी पुढच्या कड्यावरून कोसळायला लागलं. महिनाभरात तिथे कणीस, भजी आणि मॅगीच्या टपऱ्या लागल्या. त्यातली सगळ्यात चालणारी टपरी तेजलची.

श्रद्धा तडक वर चढली, मागोमाग भामाबाई आणि अतुल. एक बाटली तिने वरच्या खड्ड्यात भरली आणि दुसरी धबधब्याच्या खाली, ढिगाच्या पायथ्याशी. मग तेजलच्या टपरीवर कणसांची टोपली जरा सरकवून तिने तिन्ही बाटल्या शेजारी शेजारी मांडल्या. चालू खाणीची होती तशीच होती. वरच्या खड्ड्यातली त्याहून स्वच्छ होती. तिसरीतून मात्र पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

"खड्ड्यातलं पाणी चांगलं आहे, मावशी," श्रद्धा म्हणाली. "गाळ तिथेच तळाला बसतो. पण ते आता त्या भुकटीच्या ढिगावर पडतंय. पहिली दोन वर्षं गवताने ढीग धरून ठेवला. यंदा तो फुटला, आणि सगळी भुकटी तुमच्या खाचरात उतरली."

भज्यांच्या कढईचा आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा भामाबाई खरंच गप्प झाल्यात हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"फोनवर मी नोटीस काडा म्हनलं हुतं," शेवटी त्या म्हणाल्या. "काडा. बंद खाणीची कुनाच्या नावानं निघती?"

श्रद्धाने अतुलकडे बघितलं. अतुलने कणसांकडे बघितलं.

"ठेका संपल्यावर जमीन पंचायतीकडं आली न्हवं, आत्याबाई," तेजल हळूच म्हणाली. "मंजी तुमच्याच नावानं."

भामाबाईंचा चेहरा लाल झाला. रागाने आधी, मग लाजेने. आपल्याच हाताने आपलं भात गाडलं आणि वर दुसऱ्याच्या दारात जाऊन बोंब मारली, हे त्यांना फार लागलं. पण लागलेलं कुरवाळत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"अतुल, तुला बोलले ते माजं चुकलं," त्या म्हणाल्या. "आता त्या ढिगाला दगडाचा बांध घालायचाय. दगड तुज्याकडं ढिगानं हायेत. कवा पाठवतूस?"

अतुल हसला. "उद्या पाठवतो. पण पाणी ढिगावरून हटवायचं तर आधी मागचा चर उघडायला हवा. पोकलेन आत्ताच देऊ का?"

"पोकलेन वर चढंस्तवर पाऊस यील. कुदळ बरी." लोहगडाच्या माथ्यावर ढग काळे होऊन बसले होते.

तेजलने टपरीसमोरच्या गर्दीकडे बघितलं. "आज रविवार हाय, आत्याबाई. सांजपातूर तरी ऱ्हाऊ द्या की."

"आन् सांजच्याला पाऊस आला तर?"

तेजलला बांधावर बसून रडणारी सासू आठवली. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि टपरीमागचं फावडं उचललं.

दोघींनी मिळून चराचं तोंड खणायला घेतलं. सासूच्या घावाने माती सुटायची आणि सून ती ओढून काढायची. मधला मोठा धोंडा हलेना, तेव्हा अतुल चिखलात उतरला आणि श्रद्धाही बूट काढून त्याच्यामागे आली. धोंडा निखळला तसं पाणी एकदम चरात घुसलं आणि ओढ्याच्या दिशेने धावत सुटलं.

कड्यावरची धार बारीक झाली, तुटली, आणि मग नुसती टिपटिप उरली. खाली गलका झाला. एकजण मोबाईल वर धरूनच ओरडला, "अहो, धबधबा बंद पडला!"

"बंद न्हाई पडला!" भामाबाई वरून गरजल्या. "आपल्या वाटंनं गेला! भजी गरम हायेत, खाऊन जावा!"

लोक हसले. निम्मे गाड्यांकडे वळले आणि निम्मे टपरीकडे. तेजल पळत जाऊन कढईपाशी उभी राहिली.

पाऊस आला तो झोडपतच आला. भामाबाई त्याच्या आधीच आपल्या खाचराच्या बांधावर पोचल्या होत्या. डोक्यावरून पाणी निथळत होतं. वरून पाण्याचा लोट आला. त्यांनी वाकून ओंजळ भरली. पाणी तांबूस होतं, रोजच्या मातीचं. ते त्यांनी बोटांवर चोळलं, पुन्हा चोळलं. भुकटीची खरखर लागली नाही.

त्यांनी डोंगराकडे तोंड केलं आणि सगळ्या पावसावर आवाज चढवला.

"तेजल! दाढेतली रोपं उपटायला ये गं, आवणी करायचीय!"

वर टपरीवर भज्यांचा झारा तेजलच्या हातातच थांबला. तिला शब्द न् शब्द ऐकू गेला होता.