रत्तलामागे रत्तल

नत्थुजींनी वजनकाट्यावर रुईचं पोतं आडवं ठेवलं, दांडीवरचा गोळा सरकवला आणि चार पावलं मागे होऊन म्हणाले,

"मार."

ओमप्रकाशने मारलं. जिनिंगच्या पत्र्यावरचे पारवे उडाले, दांडी ताडकन वर आली. नत्थुजींनी गोळा दहा रत्तल पुढे नेला. "मार." असं करत करत दोनशे चाळीसपर्यंत दांडी उठली, पुढे हलेना. नत्थुजींनी खडूने भिंतीवर आकडा लिहिला. चाळिशीनंतर अक्षर शिकलेल्या माणसाचा तो आकडा होता. एकेक रेघ जपून ओढलेली.

अकोल्याच्या त्या जिनिंगमध्ये नत्थुजी एकतीस वर्षं मापारी होते. श्रावणात यंत्रं बंद असत, कापसाचं अंगण रिकामं पडे. तिथे चार बांबू रोवून, दोर ताणून, पलटणीतून परतलेले हवालदार सूर्यभान ओमप्रकाशसारख्या गावातल्या तरुणांना बॉक्सिंग शिकवत. गेल्या आठवड्यात हवालदारांकडे पलटणीतल्या दोस्ताने एक इंग्रजी मासिक पाठवलं होतं. त्यात जगातल्या मुष्टियोद्ध्यांची यादी होती, आणि पहिला नंबर एका लहानखुऱ्या माणसाला दिला होता.

"काहून?" नत्थुजींनी विचारलं होतं. "मोठा गडी याले एका हातानं उचलून फेकंल."

"तेच तं!" हवालदार म्हणाले. "हे कुस्तीसारखं नाही. इथं मनात समजायचं. समजा, सगळ्यांचं वजन सारखं केलं, तं कोण जिंकंल? पौंडामागे पौंड."

"मनात काहून समजायचं? काटा आहे ना. पौंड म्हणजे आपला रत्तलच." नत्थुजींना त्यात अवघड काही दिसेना. "हा तं उतारा झाला. दोन गाड्या कापूस आला. एक गाडी भरगच्च, पण नुसती सरकी. दुसरी लहान, पण रुई जास्त. मणामागे रुई किती निघते ते पाहायचं. तसंच रत्तलामागे ठोसा किती निघते ते पाहू."

हवालदारांनी डोकं खाजवलं. मासिकात असं नव्हतं. पण मासिकात नसलेलं सगळंच चूक असतं, असंही त्यांना वाटेना. म्हणून आज अंगणात पोतं आलं होतं.

ओमप्रकाश काट्यावर चढला. दोनशे दहा रत्तल.

"यातून पोटाचे वीस कापा," तो म्हणाला. "पोट काय ठोसा मारते जी?"

"सरकी बी रुई देत नाही. तरी वजनात धरतेच ना?"

"तुमी मले कापूस समजून राह्यले का?"

"कापूस असता तं मी परत पाठवला असता. लय ओला हायेस."

मग गोपाळकृष्ण मास्तर आले. शाळेत संस्कृत शिकवत. वडील भिक्षुकी करत, आणि मुलगा सूर्यनमस्काराला जातो, असा त्यांचा समज होता. मास्तर लोकांसमोर अर्धी चड्डी घालून काट्यावर उभे राहत नसत. धोतरासकट चढत, आणि नत्थुजी धोतराचा एक रत्तल कडता कापत.

"एकशे तीन," नत्थुजी म्हणाले.

"मागच्या साली बी एकशे तीनच होते," ओमप्रकाश म्हणाला. "मास्तर, घरचं जेवण तुमच्यापर्यंत पोचते का मधातच संपते?"

मास्तरांनी पोत्यावर मारलं. आवाज मोठा नव्हता, पण दांडी उठत गेली. एकशे पन्नासपर्यंत. हवालदारांनी कागदावर भागाकार केला, दोनदा तपासला आणि ओरडले,

"मास्तर पहिले!"

संध्याकाळपर्यंत फाटकावर यादीची फळी लागली. वर मास्तरांचं नाव, सहाव्या जागी ओमप्रकाश. गाव हसत, भांडत वाचू लागलं. मास्तर मात्र फळीकडे न पाहता नळावर हात धूत राहिले.

"खुशी नाही झाली?" नत्थुजींनी विचारलं.

"झाली ना." मास्तरांनी हात पुसले, पुन्हा धुतले. "तीन वर्षं मी माझ्या वजनात विजेता आहे, नत्थुजी. तिन्ही वेळा हवालदारांनी माझा हात वर केला. समोर कोणीच नव्हतं. या वजनाचा माणूसच नाही अकोल्यात. वर्गात मुलं विचारतात, मास्तर, कोणाला हरवलं? काय सांगू?"

"आता तं सगळ्यांच्या वर आहा."

"तेच म्हणतो. आधी फक्त माझ्या वजनात कोणी नव्हतं."

घरी नत्थुजींनी हे बायकोला, जयवंताबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"बिचाऱ्याले कोणी मारतच नाही म्हणता?" त्या म्हणाल्या. "आणा एक दिवस घरी."

"हसू नको. त्याले लढायचं हाय."

"मंग लढू द्या ना. तुमच्या काट्यानं त्याले डोक्यावर चढवलं, आता तुमीच उतरवा."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी निरोप आला. मूर्तिजापूरचा रेल्वेतला एक फायरमन, किसन नावाचा, लढायला येतो म्हणाला. वजन एकशे सोळा. हवालदारांचा नियम पक्का होता : दोघांत आठ रत्तलांपेक्षा जास्त फरक चालणार नाही. एकदा पलटणीत नियम मोडला गेला होता आणि एका जवानाचा जबडा महिनाभर बांधलेला त्यांनी पाहिला होता.

"एकशे आठ पायजेत," ते म्हणाले. "मास्तर, राहू द्या."

"उद्या बघू," मास्तर म्हणाले.

त्या रात्री नत्थुजींचं जेवणात लक्ष नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांच्या काट्यावर शेतकऱ्याने बोट ठेवलं नव्हतं की व्यापाऱ्याने. पायाचा अंगठा काट्याच्या फळीच्या कडेला टेकवला की पाच रत्तल सहज वाढतात, हे त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. माहीत असून न टेकवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

सकाळी अंगण भरलं. किसन चढला, एकशे सोळा. मग मास्तर आले, नेहमीसारखे धोतरात, पण आज जरा ताठ, पावलं जपून टाकत. नत्थुजींनी गोळा एकशे नऊवर नेला, एक धोतराचा धरून. डाव्या पायातली वहाण काढली. हवालदार कागद घेऊन समोर उभे होते. नत्थुजींनी अंगठा पुढे सरकवला.

टेकवायच्या आतच दांडी वर आली.

नत्थुजींनी खाली पाहिलं. अंगठा फळीपासून चांगला चार बोटं दूर होता. वर पाहिलं. मास्तर पत्र्यावरच्या पारव्यांकडे पाहत होते.

"किती?" हवालदारांनी विचारलं.

नत्थुजींनी वहाण घातली. "एकशे आठ."

मास्तर कपडे बदलायला रिकाम्या पोत्यांच्या गंज्यांमागे गेले आणि अर्ध्या चड्डीत उड्या मारतच बाहेर आले. नत्थुजी काटा तपासायच्या मापांची पेटी आवरायला बसले. वीस, दहा, दोन, एक. पाच रत्तलाचा खण रिकामा होता. त्यांनी झाकण लावलं आणि पेटीवरच बसून लढत पाहिली.

लढत कसली! पहिल्याच फेरीत मास्तर दोनदा बसले. दोन्ही वेळा उठले, आणि उठताना हसत होते, त्यामुळे किसन बावचळला. तिसऱ्या फेरीत मास्तरांचा एक ठोसा त्याच्या नाकावर असा बसला की सगळ्या अंगणाने श्वास रोखला. पण हात वर झाला तो किसनचा.

"पहिल्या नंबरचा गडी हारला!" ओमप्रकाश ओरडला. "मंग माहा सहावा कसा?"

"त्या यादीचा अन् हारण्याचा संबंध नाही," हवालदार म्हणाले.

"मंग कायशी आहे?"

हवालदार किसनचं नाक पाहायला वळले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर जिनिंगमध्ये आले. डावा डोळा वांग्यासारखा झाला होता. त्यांनी उपरण्यातून पाच रत्तलाचं माप काढलं आणि पेटीवर ठेवलं.

"हे गंज्यांमागे सापडलं."

"असं का?" नत्थुजी म्हणाले. "घरी काय सांगतलं?"

"बाबांना सांगितलं, सूर्यनमस्कार घालताना पडलो. मुलांना खरं सांगितलं. आज कोणी विचारलं नाही, कोणाला हरवलं म्हणून. कोणी मारलं ते विचारलं." मास्तरांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "नत्थुजी, फळीवरून माझं नाव काढा."

"काहून? हिशोब बरोबर हाय."

"असेल. पण ती कोणाशी न लढणाऱ्याची जागा आहे."

नत्थुजींनी ओलं फडकं घेऊन सगळ्यांत वरची ओळ पुसली. खालची नावं वर सरकवायची की जागा रिकामी ठेवायची, ते त्यांना ठरवता येईना; ठेवली तशीच. मग सवयीने त्यांनी ते माप काट्यावर ठेवून पाहिलं.

"पाच," ते म्हणाले. "बरोबर."

मास्तरांनी मान डोलावली आणि सुजलेल्या डोळ्याला हळूच बोट लावून पाहिलं, तो अजून दुखतो की नाही म्हणून.