अभ्यासक्रमाबाहेरची खिडकी

आमच्या शहरात सोळावं लागलं की बंड करावं लागतं. सक्तीचं आहे. सरकारच्या लक्षात आलं होतं की या वयात पोरांच्या डोक्यात राख जातेच, मग ती सोयीच्या वेळी, सरकारी सभागृहात, पालकांच्या देखत का जाऊ नये? लस टोचल्यासारखं एकदा बंड करून घेतलं की माणूस जन्मभर निरोगी राहतो, असं आम्हाला पाचवीपासून शिकवतात.

बंडाची पद्धत सोपी आहे. उमेदवाराने मंचावर जायचं आणि परीक्षा घेणाऱ्या बंडसाहेबांकडे स्वातंत्र्य, सत्य किंवा प्रेम यांपैकी एक काहीतरी मागायचं. साहेब म्हणणार, "ही मागणी मान्य करता येत नाही." मग आपण ओरडायचं, शक्य झाल्यास रडायचं, आणि टेबलावर ठेवलेलं थोरल्यांचं प्लास्टरचं डोकं हातोडीने फोडायचं. टाळ्या, फोटो, आणि संध्याकाळपर्यंत नोकरीचा हुकूम हातात. थोरले म्हणजे आमचे सर्वोच्च नेते. त्यांना प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही, पण डोकं सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

माझ्या तर फारच ओळखीचं. कारण ती डोकी माझे बाबा बनवतात.

कारखान्यात डोक्यांचे दोन प्रकार असतात, ठेवायची आणि फोडायची. ठेवायची भरीव असतात आणि कचेऱ्यांत जातात. फोडायच्या डोक्यासाठी साच्यात प्लास्टर ओतायचं, तो गरगर फिरवायचा आणि उरलेलं प्लास्टर परत घमेल्यात ओतून टाकायचं, म्हणजे आत पोकळ राहतं. मानेला आतून एक चर मारायची. पोरगं कितीही मरतुकडं असो, एक घाव आणि दोन तुकडे झालेच पाहिजेत. एकदा कुठल्याशा मुलीला डोकं फुटता फुटेना, हातोडी मारून मारून ती खरोखरच चिडली आणि साहेबांना भलतंसलतं बोलली. तेव्हापासून बाबा चर जरा खोलच मारतात.

परीक्षा जवळ आली तसा आईने माझा जीव खायला सुरुवात केली. आई धुलाईघरात सरकारी गणवेशांना इस्त्री करते आणि घरी आल्यावर मला.

"प्रेम माग," ती म्हणायची. "प्रेमाला मार्क जास्त. मावशीच्या मुलीने प्रेमच मागितलं होतं. अशी रडली की साहेबांनी चष्मा पुसला. आज बघ, मुख्य कचेरीत पंख्याखाली बसते."

"स्वातंत्र्य बरं," बाबा म्हणायचे. "लवकर आटपतं."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला सगळंच लवकर आटपायचं असतं." मग माझ्याकडे वळून, "आणि रडताना नाक पुसू नकोस. फोटोत वाईट दिसतं."

बाबा गप्प बसायचे, पण त्यांचा खोकला बसायचा नाही. तो कोरडा आणि लांबलचक होता, आणि संपल्यावर ते रुमाल पटकन खिशात घालायचे. रुमालावर पांढरं असायचं. तेव्हा ते जिन्यात मधेच थांबून भिंतीवरचे पोपडे बघत उभे राहायचे, जणू पोपडे बघायलाच थांबलेत. मला त्याची भीती वाटायची आणि भीती वाटली की मला राग येतो. आमच्यात ही खोड आईकडून आली आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबा डबा विसरले म्हणून मी तो घेऊन कारखान्यात गेले. कारखान्याला पूर्वी खिडक्या होत्या. अर्धवट नाकाचे थोरले रस्त्यावरून दिसले तर लोकांचा आदर कमी होईल म्हणून त्या विटांनी बुजवल्या. आत भुकटीचं धुकं होतं. पाच-सहा पांढरी माणसं वाकून काम करत होती, त्यातला माझा बाप कुठला ते मी खोकल्यावरून ओळखलं. ते ओल्या कुंचल्याने थोरल्यांचा कान साफ करत होते.

"हे तुझं," त्यांनी शेजारचं एक डोकं हळूच दाखवलं. "तुझ्या हाताला बेताचं केलंय. जपून न्यायला सांगितलंय, नुसतं जोरात बघितलं तरी फुटेल."

"बाबा, तुम्ही खिडकी मागा ना."

"मागितली होती की."

"मग?"

"म्हणाले, मागणी रास्त आहे."

"आणि पुढे?"

"पुढे काय?" बाबांना माझा प्रश्न कळला नाही. "रास्त आहे म्हणाले ना ते." आणि ते पुन्हा खोकू लागले, इतके की कुंचला थोरल्यांच्या डोळ्यात गेला.

घरी जाताना मी विचार करत होते. या शहरात मोठ्या माणसाला काही मागता येत नाही, त्याची वेळ होऊन गेलेली असते. मला आयुष्यात एकदाच, भर सभेत, काहीतरी मागायला मिळणार होतं. आणि ते मी प्रेमावर घालवायचं?

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. आईने गणवेशाला अशी इस्त्री केली होती की मला बसता येईना. ती पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी बाबा, त्यांच्यामागे कारखान्यातली मंडळी. पहिल्या काही मुलांनी स्वातंत्र्य मागितलं आणि डोकी फोडली. सगळं सुरळीत चाललं होतं. बंडसाहेब अधूनमधून जांभई देत होते. माणूस वाईट नव्हता. दिवसभर एकच वाक्य बोलायचं म्हटलं तर कुणालाही झोप येईल.

माझं नाव पुकारलं. माझं डोकं आणून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मी हातोडी घेतली.

"बोल," साहेब म्हणाले. "काय हवं?"

"माझे वडील काम करतात त्या कारखान्याला खिडकी हवी."

"ही मागणी मान्य करता ये..." साहेब थांबले. "काय हवं म्हणालीस?"

"खिडकी."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. आईने डोळे मिटून घेतले.

"हे अभ्यासक्रमात नाही," साहेब म्हणाले.

"माहीत आहे."

"बाळ, स्वातंत्र्य माग ना." त्यांनी आवाज खाली आणला. "मी लगेच नाकारतो. तू फोड, घरी जा."

"खिडकी पण नाकारा की."

"नाकारतो."

"बरं. कारण सांगा."

स्वातंत्र्य का मिळत नाही हे कुणी विचारत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. खिडकीचं तसं नाही. खिडकी म्हणजे चार विटा काढायच्या. ती का मिळत नाही हे सांगायला काहीतरी बोलावं लागतं, आणि साहेबांना बोलायला वाक्य एकच दिलेलं होतं.

"पण खिडकी कशाला?" शेवटी ते म्हणाले.

"बाबांना खोकला आहे. श्वास घेता येत नाही त्यांना. मला भीती वाटते."

हे मी पाठ केलेलं नव्हतं. आवाज चिरकला आणि नाकही वाहायला लागलं, आणि मी ते बाहीने पुसलं. आईच्या शिकवणीवर तिथेच पाणी पडलं.

खाली बाबा खोकला दाबत होते. आधी त्यांनी रुमाल तोंडात घातला. मग मान खाली घातली. चेहरा लाल झाला, आणि मग तो खोकला असा सुटला की छताचे दिवे हलले असावेत. तो ऐकून मागच्या रांगेतले कारखान्याचे काका खोकले. मग त्यांच्या शेजारचे. हा खोकला जांभईसारखा आहे, एकाने काढला की दुसऱ्याला धरवत नाही. लोक हसायला लागले.

"शांतता," साहेब म्हणाले, आणि त्यांनी टेबलावर दाणकन हात आपटला.

टक् असा बारीक आवाज आला. थोरल्यांचं डोकं मानेपासून सुटलं, टेबलावर एक गिरकी घेऊन खाली पडलं, मंचावरून घरंगळलं आणि आईच्या चपलेपाशी येऊन त्याचे दोन तुकडे झाले.

मागून एक आजोबा टाळ्या वाजवू लागले. डोकं फुटलं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना माहीत होतं. शेजारच्या बाईने त्यांचे हात धरले.

कारण उमेदवाराने डोकं फोडणं हे बंड आहे. दुसऱ्या कुणी फोडलं तर गुन्हा. नुसता ओरखडा काढला तरी माणूस खाणीत जातो, आणि साहेब चांगले पन्नाशीचे होते. ते माझ्या बाबांपेक्षा पांढरे पडले.

"मी नाही," ते म्हणाले. "टेबल..."

एवढ्या माणसांनी पाहिलं होतं. साहेब एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाकडे तरी काहीतरी मागत होते, आणि मागायचं कसं ते त्यांना येत नव्हतं.

तेव्हा आई उठली. तिने दोन्ही तुकडे उचलले, पदराने भुकटी झटकली आणि ते उलटसुलट करून पाहिले. बाजारात ती टोमॅटो असेच बघते.

"जोडता येईल का हो?" तिने बाबांना विचारलं.

बाबांनी मान डोलावली. बोलायला दम नव्हता.

"येईल म्हणतात," आईने साहेबांना सांगितलं. "सांधा दिसणारसुद्धा नाही. म्हणजे मग फुटलंच नव्हतं."

"फुटलंच नव्हतं," साहेब घाईघाईने म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलं ना? फुटलंच नव्हतं."

"पण साहेब, वाळायला वारा लागतो. त्या बंद खोलीत कसं वाळायचं?"

"पंखा देतो."

"पंख्याने भुकटी उडते."

"दार उघडं ठेवा."

"दारातून थोरले दिसतील," आई म्हणाली. "खिडकी जरा उंचावर काढली तर बरं, नाही का? आणि यांच्या मागच्या मंडळींनी काय पाहिलं ते मला माहीत नाही बाई, पण मोकळी हवा मिळाली की माणसाला मागचं फारसं आठवत नाही."

मागची मंडळी खोकायची थांबली आणि विसरभोळे चेहरे करून बसली.

"उद्या गवंडी पाठवतो," साहेब म्हणाले. मग त्यांनी घाम पुसला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला अधिकारी परत आला. "पण ही नापास. अभ्यासक्रमाबाहेरची मागणी, आणि डोकं फोडलेलं नाही. नोकरी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं."

आई मटकन खाली बसली. बंडात नापास झालेलं आमच्या घराण्यात कुणी नव्हतं.

मी मंचावरून उतरले तेव्हा शिंप्याची मुलगी वर चढत होती. ती माझ्या वर्गातली, गरीब गाय. तिने सहा महिने सत्य घोकलं होतं. साहेबांनी थकून विचारलं, "काय हवं?" तिने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्या जिन्यात दिवा नाही. आजी दोनदा पडली."

तीही नापास झाली. तिच्यानंतरच्या मुलाला बूट हवे होते, तोही गेला. साहेबांना टेबलावर हात आपटण्याचीही चोरी झाली होती. त्या दिवशी आमची निम्मी तुकडी नापास झाली.

खिडकी निघाली. उंचावर काढायचं ठरलं होतं, पण गवंडी बुटका होता आणि त्याने आपल्या हाताला येईल तिथे काढली. आता रस्त्यावरची पोरं नाक लावून आत बघतात. थोरले ओळीने उलटे पडलेले असतात, आतून पोकळ, आणि बाबा त्यांच्यात बोट घालून जाडी बघत असतात. बाबांचा खोकला गेला नाही. पण परवा ते जिना न थांबता चढले, आणि वर आल्यावर मी काहीच पाहिलं नाही असं दाखवायला मला भिंतीवरचे पोपडे बघावे लागले.

आई मात्र माझ्याशी बोलेना. मावशी समाचाराला आली, कुणी गेल्यासारखी हळू आवाजात बोलली आणि पंख्याखालच्या मुलीची खुशाली सांगून गेली. आईने भांडी अशी आपटली की बरं झालं घरात थोरल्यांचं डोकं नव्हतं. मीही बोलले नाही. वर्षभर रिकामी राहणार होते, खायला काळ आणि भुईला भार, हे मला तिने सांगायची गरज नव्हती.

मग एका संध्याकाळी ती बटाटे सोलत होती आणि मी शेजारी बसले होते. वर न बघता तिने विचारलं, "पुढच्या वर्षी काय मागणार आहेस?"

"ठरवलं नाही अजून."

एक बटाटा सोलून झाला. दुसरा झाला.

"नाही, तुझं काही ठरलं नसेल तर," ती म्हणाली. "धुलाईघरात इस्त्रीवाल्या बायकांना बसायला स्टूल नाही. मी लागले तेव्हापासून नाही. संध्याकाळी पाय माझे राहत नाहीत."

माझ्या आईला काही हवं असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं, आणि त्याची मला लाज वाटली.

"मग तू असं काही का नाही मागितलंस, तुझ्या वेळी?"

"मी प्रेम मागितलं," आई म्हणाली आणि तिसरा बटाटा घेतला. "पहिला वर्ग मिळाला होता मला."