अठ्ठावीसचा रकाना

दोन वर्षं मी ड्रॉवरमध्ये उताणा पडून होतो, मित्रांनो, आणि उताणं पडणं माझ्या स्वभावातच नाही. माझा जन्म उभं राहण्यासाठी झाला. काचेची नळी, गळ्यात आकड्यांची कागदी पट्टी, पोटात शिशाच्या गोळ्या. दुधात सोडलं की मी जरा डुलतो आणि एका आकड्यावर थांबतो. दूध चोख असेल तर वर तरंगतो, पाणी असेल तर खोल जातो. शिकलेली माणसं मला लॅक्टोमीटर म्हणतात. पारनेर तालुक्यातल्या आमच्या दूध संस्थेत मात्र सगळे मला 'डिग्री' म्हणायचे.

संस्थेचे टेस्टर बाबाजानभाई यांनी मला नगरच्या दुकानातून, कापसात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून आणलं. रोज सकाळी ते प्रत्येकाच्या दुधाचा फेस बसू द्यायचे, मग मला सोडायचे आणि आकडा मोठ्यानं वाचून रजिस्टरच्या रकान्यात लिहायचे. "सत्तावीस. एकोणतीस. ए भीमा, चोवीस! तुझी गाय तळ्यात डुबकी मारून आली का काय?" रांग खदखदून हसायची. दुसऱ्या दिवशी भीमाचं दूध अठ्ठावीसवर! माझा तेव्हा काय तोरा होता म्हणून सांगू!

पुढं बाबाजानभाई थकले आणि घरी बसले. दुधातलं फॅट मोजायचं विजेचं मशीन आलं. मी ड्रॉवरमध्ये गेलो, रबरबँड आणि शाईच्या वाळक्या पॅडशेजारी. पण रजिस्टरमधला डिग्रीचा रकाना राहिलाच, आणि तो भरावा तर लागतो. मग नवा सचिव हर्षल सगळ्यांपुढे एकच आकडा लिहू लागला. अठ्ठावीस. वरपासून खालपर्यंत अठ्ठावीस! मला न बुडवता माझ्या नावावर आकडे! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, पण ड्रॉवरमधून बोलायचं कुणाशी?

हर्षल वाईट नाही हं. सचिव तोच, टेस्टर तोच, झाडू मारणाराही तोच. त्यानं फोनमध्ये ते एआय घेतलं आणि त्याच्या जिवाला जरा उसंत मिळाली. पत्रं, अहवाल, सभेची सूचना, सगळं फोन लिहून देई आणि मोठ्यानं वाचूनही दाखवी. ड्रॉवरच्या फटीतून मी ऐकायचो. भाषा तर अशी झोकदार, की चेअरमन आप्पासाहेब म्हणायचे, "हर्षल, आता आपली संस्था कलेक्टर हापिसासारखी वाटती!"

मग एके दिवशी, आमचं दूध जिथं थंड करायला जातं त्या तालुक्याच्या शीतकेंद्राकडून चिठ्ठी आली. तुमच्या दुधात पाणी येतं. आठ दिवसांत शोधा, नाहीतर तुमचं दूध बंद. हर्षलच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं रजिस्टरच्या पानांचे फोटो काढले आणि फोनला विचारलं, घोळ कुणाचा? मी ड्रॉवरमध्ये अक्षरशः तडफडत होतो. अरे, मी इथे आहे ना! हात घाल!

फोन म्हणाला, "सभासद क्रमांक सत्तेचाळीस यांचे फॅट तीन आठवड्यांत बरेच उतरले आहे. पाणी असू शकते, मात्र इतर कारणेही संभवतात. आधी प्रत्यक्ष तपासणी करावी."

"एवढं लांबलचक कोण वाचतंय?" हर्षल पुटपुटला. तपासणीचं वाक्य त्यानं काढून टाकलं. 'असू शकते' होतं तिथं 'आढळले आहे' केलं. आणि सत्तेचाळीस नंबरच्या चांगुणाबाईंच्या नावानिशी, दूध बंद केल्याची नोटीस संस्थेच्या ग्रुपवर टाकून दिली.

चांगुणाबाईंकडे एकच गाय. त्यांच्या किटलीत मी पंधरा वर्षं उभा राहिलो होतो आणि एकदाही मान खाली घालावी लागली नव्हती. संध्याकाळी त्या किटली घेऊन आल्या तेव्हा रांग जरा मागं सरकली. एकीनं तर आपली किटली बाजूला ओढून घेतली. ते फटीतून पाहून मला फार वाईट वाटलं.

"हर्षल, माझ्या दुधात पानी?" त्या कडाडल्या. "आरं, हितं टँकरचं पानी प्यायला पुरंना, ते दुधात घालाया मला याड लागलंय व्हय?"

"काकू, फॅट उतरलंय. मी नाही, फोननं सांगितलंय."

"फोननं माझी गाय बगितली का? कालवड खंगलीय माझी. मागची धार तिला सोडते मी, साय त्याच धारंला असती. आन् पानी घातलं असतं तर दूध वाढलं असतं का घटलं असतं? माझं लिटरभर घटलंय!" त्यांनी किटली टेबलावर ठेवली. "ती काचंची डिग्री कुठं हाय? बाबाजानभाई लावायचे ती. काढ भाईर!"

ड्रॉवर उघडला. उजेड आला. हर्षलनं मला धुतलं आणि दुधात सोडलं. बापरे, दोन वर्षांनी! मी थरथरलो, डुललो आणि ताठ उभा राहिलो. एकोणतीस. रांगेतल्या दहाजणांनी वाकून वाचलं.

हर्षलचा चेहरा पडला. तो फोनकडे बघून म्हणाला, "माफीची नोटीस लिहून..."

"त्याला नगं सांगू," चांगुणाबाई म्हणाल्या. "चुकलास तू. तुझ्या हातानं लिही." त्यानं लिहिली. दोनच ओळी, त्याही वाकड्यातिकड्या, पण ग्रुपवर सगळ्यांनी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी रांगेत पहिला नंबर आप्पासाहेबांचा. चार कॅन! हर्षलनं मला सोडलं. मी खाली गेलो. आणखी खाली. थांबावंसं फार वाटलं हो, पण ते का माझ्या हातात आहे? बावीस!

त्यांचं दूध बारा महिने तसंच पातळ, त्यामुळे फोनला फॅटचा उतार दिसणार कुठून? आणि डिग्रीच्या रकान्यात तर हर्षलचेच अठ्ठावीस उभे होते.

"गड्यानं कॅन इसळून पानी तसंच ठिवलं आसंल," आप्पासाहेब हसत म्हणाले. "लिही की रोजचं."

मागं चांगुणाबाई किटली घेऊन उभ्या होत्या. हर्षलनं पेन टेकवलं आणि दोनचा आकडा काढला. अठ्ठावीसचा पहिला आकडा दोन, बावीसचाही दोनच. पेन तिथंच थांबलं.

मित्रांनो, त्या फोनवर माझा राग नाही. त्याच्या पुढ्यात जे ठेवलं, ते त्यानं वाचलं, आणि तपासा असंही तो म्हणाला होता. त्याला खुशाल विचारा. पण कुणाच्या नावावर डाग लावण्याआधी मला ड्रॉवरमधून काढा, फेस बसू द्या, बुडवा, आणि मी दाखवीन तोच आकडा लिहा. कॅन कुणाचाही असो. न बघता भरलेला रकाना रिकाम्या रकान्याहून वाईट.

हर्षलनं एकदा आप्पासाहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यानं दुसराही दोनच काढला.