पाहुण्यांच्या हस्ते

मी एक तसबीर बोलतेय, आणि गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. इतकी वर्षं मुकाट्याने तुमची तोंडं बघितली. आता माझं ऐका, आणि ऐकताना फोटो काढू नका.

मला काढलं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाने. त्याची बायको वारली तेव्हा लेक रांगत होती. घरात बायकोचा एकही फोटो नव्हता. तिला आठवून आठवून त्याने मला रंगवलं. कपाळ जमलं, नाक जमलं, मांडीवरचे हात तर हुबेहूब. तोंड मात्र काही केल्या जमेना. काढायचा, खरवडायचा, पुन्हा काढायचा. शेवटी वैतागून त्याने तोंड तसंच सोडलं, सगळ्यावर वॉर्निश फासलं आणि मला भिंतीवर टांगलं.

मग एका सकाळी काय डोक्यात आलं कोण जाणे, स्टुलावर चढला आणि वाळलेल्या वॉर्निशवरच चार फटकाऱ्यांत ओठ उतरवले. खाली उतरून बघितलं आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडला. ते चार फटकारे म्हणजे त्या घरातली सगळ्यात खरी गोष्ट होती.

आता अक्कल बघा माणसाची. टांगलं कुठे, तर स्वयंपाकघरात, चुलीच्या वर! लेक तिथे जेवायची, तिला आई दिसावी म्हणून. लेकीला नीट बघायचं वय येईपर्यंत मी धुराने काळीठिक्कर पडले. तिला दिसायचे ते दोन डोळे आणि खाली नुसता काळोख.

"बाबा, आई हसतेय का?" ती विचारायची.

"हसतेय तर!" बाप म्हणायचा.

"कसली हसतेय?" आत्या तिकडून फणकारायची. "सदा गाल फुगवून बसलेली असायची ती. तुझा बाप काहीही सांगतो."

बाप गेला, आत्या गेली. भांडण तसंच राहिलं. लेक म्हातारी झाली तेव्हा मला उचलून संग्रहालयात घेऊन आली. "तुम्हीच ठेवून घ्या," म्हणाली, "पण एकदा स्वच्छ करा. तिचं तोंड बघू द्या मला." त्यांनी हो हो म्हटलं आणि मला तळघरात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. किती वर्षं, ते मोजायचं मी सोडून दिलं.

शेवटी एका बाईच्या हाती लागले. जुन्या चित्रांची डागडुजी हेच तिचं काम. काडीला कापूस गुंडाळायची, तोंडात घालून ओला करायची आणि माझ्यावर हलकेच फिरवायची. हो, थुंकी! पहिल्यांदा मलाही शिसारी आली. पण थुंकी कोमट असते, सौम्य असते. मळ उचलते, रंगाला धक्का लावत नाही. ही त्यांची जुनी रीत आहे. कामाच्या वेळी बाई चहासुद्धा घ्यायची नाही. तेवढी एकच बाई मला माणसांत चांगली भेटली.

सगळं बरं चाललं होतं. पण साहेबांना, म्हणजे संग्रहालयाच्या मुख्यांना, कल्पना सुचली. पडद्यामागचं काम लोकांसमोर आणायचं! खोलीची भिंत पाडून काच बसवली आणि तुमची झुंड आली.

काचेला नाकं चिकटवून तुम्ही काय बघितलंत? "केव्हाची तीच जागा पुसतेय हो ही." "आमची मोलकरीण यापेक्षा भरभर पुसते." एकाने तर टिचक्या मारून बघितलं, मी हलते का म्हणून. आणि मग एक बया किंचाळली, "ई! थुंकी लावतेय!" झालं, बोंबाबोंब. तक्रारींचा पाऊस पडला.

"उद्यापासून थुंकी बंद," साहेब म्हणाले. "बाटलीतलं औषध वापरा. दिसायला बरं दिसतं."

"चेहऱ्यावर नाही चालणार," बाई म्हणाली. "मी दिव्याखाली तपासलंय. काजळीतून आकार कळत नाही, पण ओठांचा रंग वॉर्निशच्या वर आहे. औषधाने वॉर्निश सुटेल, आणि त्याबरोबर ओठही सुटतील."

"बरं, बघू," साहेब म्हणाले. हे 'बघू' म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

म्हातारी लेक दर आठवड्याला यायची, काचेसमोर खुर्ची टाकून बसायची. बाई बाहेर जाऊन सांगायची, "आजी, गळा झाला. हनुवटी झाली."

"आणि हसतेय का गं?"

"अजून झाकलंय. आता तोंडच घेते."

तेवढ्यात उद्घाटन आलं. खोली कधीचीच उघडली होती, पण पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती, म्हणून उद्घाटन राहिलं होतं. फीत कापणं साहेबांना जुनाट वाटलं. पाहुण्यांच्या हस्ते चित्र स्वच्छ करायचं ठरलं.

"कोपरा पुसू द्या त्यांना," बाई विनवत होती. "पदराचा काठ पुसू द्या."

"कोपऱ्याचा फोटो कोण छापणार? चेहरा हवा."

पाहुण्यांनी कापूस बाटलीत बुचकळला. बाईने चक्क त्यांचं मनगट धरलं. साहेब हसले, "आमच्या बाई जरा हळव्या आहेत," आणि तिला बाजूला ओढलं. पाहुण्यांनी बूट घासावा तसं माझं तोंड घासलं. कापूस आधी काळा झाला, मग तपकिरी, मग लाल. लाल झाला तेव्हा तुम्ही सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्यात. पहिल्या रांगेत म्हातारी लेकही टाळ्या वाजवत होती, डोळे पुसत होती. ते मला बघावं लागलं.

सगळे चहाला पांगल्यावर बाईने तिला आत घेतलं आणि काहीही न लपवता सांगितलं. नाकाखाली नुसता पिवळट पट्टा उरला होता. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली.

साहेब लगबगीने आले. "आजी, वाईट वाटून घेऊ नका. बाई पुन्हा रंगवून देतील. हसरी हवी तर हसरी. तुम्ही म्हणाल तशी!"

"मी म्हणेन तशी?" म्हातारी म्हणाली. "मला माहीत असतं, तर इथे येऊन बसले असते का?"

ती बाईकडे वळली. "तू तरी पाहिलंस का गं?"

"नाही, आजी."

म्हातारीने बाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली. पुन्हा आली नाही.

मला आता मोठ्या दालनात लावलंय. शेजारी पाहुण्यांचा फोटो आहे, कापूस हातात घेतलेला. बाईने माझ्या तोंडाला रंग लावायला साफ नकार दिला, म्हणून तिला तळघरात पाठवलंय. तुम्ही येता, मान वाकडी करता आणि पैजा लावता. "हसत असेल रे." "छे, रडकी वाटते."

मी हसत होते की नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला नाही सांगणार. ते विचारायचा हक्क एकट्या लेकीचा होता. टाळ्या वाजवून झाल्यात ना? मग व्हा चालते.