शुद्ध पाण्याची दुसरी अंघोळ

नवीन जलशुद्धीकरण केंद्र बांधून झालं, तेव्हा साहेब टाकीच्या काठावर बराच वेळ उभे राहिले. आत निळ्या फरशा, वर पांढरे कठडे. साहेबांनी खिशातला रुमाल काढून कठडा पुसला.

"यात नदीचं पाणी सोडायचं? गढूळ?"

"साहेब, गढूळ पाणी साफ करायलाच बांधलंय हे."

"उद्घाटनाला? पाहुण्यांसमोर? लाज नाही वाटत?"

मी तिथला केमिस्ट, तोही कंत्राटी. त्यामुळे लगेच वाटली.

पण केंद्र सुरू होणं मला भाग होतं. माझी ताई पाण्याच्या लाइनच्या पार टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहते. जुन्या केंद्राचं पाणी तिथवर पोहोचेपर्यंत दम टाकायचं. नळातून नुसती हवा यायची. "माझा भाऊ पाणीखात्यात आहे, उद्घाटन झालं की पाणी येणार म्हणजे येणार," असं ती सासूबाईंना ठणकावून बसली होती.

साहेबांनी तोडगा काढला. टाकी स्वच्छ पाण्याने भरायची. टँकर मागवले.

"कुठून भरून आणलंस?" मी पहिल्या ड्रायव्हरला विचारलं.

"इथूनच की." त्याने भिंतीपलीकडच्या जुन्या केंद्राकडे हनुवटी उडवली. "साहेब म्हणाले, गावाला वळसा घालून या. टँकर लांबून आल्यासारखा वाटला पाहिजे."

दिवसभर टँकर गरगर फिरले आणि गावाचे नळ कोरडे पडले. ताईचा फोन आला.

"अरे, आता हवासुद्धा येईना!"

"तयारी चाललीय, ताई."

"सासूबाई नळाला कान लावून बसल्यात. म्हणतात, तुझ्या भावाच्या थापा तरी ऐकू येतात का बघते."

उद्घाटनाला पाहुण्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. तळाची फरशी न् फरशी दिसत होती.

"हे शुद्ध करायच्या आधीचं?"

"हो, सर," साहेब अभिमानाने म्हणाले.

"आणि नंतरचं?"

साहेबांनी ग्लास पुढे केला. पाहुण्यांनी ग्लासाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, परत ग्लासाकडे पाहिलं. पाहुणे हुशार निघाले, तिथेच घात झाला.

"दोन्ही सारखंच आहे की! मग यंत्रं कशाला चालवायची? वीज वाया, औषधं वाया. बंद ठेवा. वास्तू मात्र जपा."

सगळ्यांत जोरात टाळ्या साहेबांनी वाजवल्या. सुरू होताच बंद झालेल्या केंद्राचे ते प्रमुख झाले. माझ्या हातात त्यांनी लांब दांड्याची जाळी दिली. टाकीत पानं पडायची, ती काढायची. केमिस्टचं पद तेवढं बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आली. मागे सासूबाई, हातात दोन बादल्या. सासूबाई कठड्यावरून वाकल्या.

"अगं बाई, किती नितळ! आम्हाला दिसू नये म्हणून इथे लपवून ठेवलंय होय?"

ताईने एक बादली माझ्यापुढे धरली. मी जाळी बाजूला टाकली आणि बादली बुडवली.

"अरे हळू!" साहेब वरच्या खिडकीतून ओरडले. "खाली फरशी आहे!"

दोन्ही बादल्या तिसऱ्या मजल्यावर मीच चढवल्या. सासूबाई मागून येत होत्या आणि प्रत्येक मजल्यावर शेजारणींना सांगत होत्या, "बघा, पाणी आलं."