डाव्या सडाचं दूध

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर माणसं, कुंपणावर माणसं, गोठ्याच्या पत्र्यावरही दोघं-तिघं चढून बसलेले. मधोमध भुरी शेळी मागचे पाय फाकवून उभी होती. कास लालबुंद, टरटरून फुगलेली. तिच्यापुढे दोन पांढऱ्या बशा मांडून पाणीवाले बाबा बसले होते.

बाबांनी डोळे मिटून कासेवरून हात फिरवला. आशीर्वाद, म्हणे! मग थोरल्या सुनेला एका सडाची धार काढायला लावली, धाकटीला दुसऱ्याची. दोन्ही बशांत चंबूतलं मंतरलेलं पाणी ओतून त्या हळूहळू फिरवल्या. थोरलीचं दूध तसंच पातळ राहिलं. धाकटीचं मात्र चिकट झालं आणि बशी कलती करताच शेंबडासारखी तार लोंबली.

"बघा!" बाबा गरजले. "दूध नाही, नजर गोठलीय ही! एक शेळी खाल्ली, आता दुसरी धरली. उद्या ते लेकरू!"

लेकरू सासूच्या कडेवरून आईकडे झेपावत होतं. सासूने त्याला आणखी आवळून धरलं. मागच्याच आठवड्यात तिची दुभती शेळी अशीच कास सुजून मेली होती. आता बाबांचा हुकूम होता की धाकटीने माहेरी जायचं आणि बाळ इथेच ठेवायचं. दारात रिक्षा उभी होती, बोचकं आत टाकून झालं होतं.

"आई, मी काही केलं नाही हो," धाकटी म्हणाली. "अंगावर पितो तो अजून. त्याला कोण पाजणार?"

सासूने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. तेवढ्यात गर्दी ढकलत धाकटीचा नवरा आत घुसला. दवाखान्यातून तो जनावरांच्या डॉक्टरबाईंना घेऊन आला होता. बाईंनी आधी शेळीची कास चाचपली.

"कुणी कुठली धार काढली?"

"मी उजवी, हिने डावी," थोरली म्हणाली.

"आता उलट करा. बाबा, पाणी तुमचंच राहू दे."

बाबा हसले, पण चंबू मांडीआड गेला. "शक्ती म्हणजे काय पाढे आहेत, पुन्हा पुन्हा म्हणायला?"

"पुन्हा बोलावल्यावर न येणारी शक्ती कसली?"

"परीक्षा घ्याल तर जनावर इथेच रक्त ओकेल!"

गर्दी मागे सरली. "जाऊ द्या बाई, नसता ताप नको," कुणीतरी म्हणालं. थोरलीने हात पदराआड घेतले. ती काही पुढे होईना. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

सासूने बाळ थोरलीकडे दिलं आणि ती शेळीपाशी उकिडवी बसली. "डावी मी काढते."

"हात जळेल म्हातारे!"

"जळू दे."

भुरी कळवळून ओरडली. धाकटीच्या नवऱ्याने तिला धरून ठेवलं. धाकटीने उजवी धार काढली. बाईंनी बाबांच्या मांडीआडचा चंबू उचलून दोन्ही बशांत पाणी ओतलं आणि बशा फिरवल्या. सगळे बशांकडे वाकले. धाकटीचं दूध पातळच राहिलं. सासूच्या बशीतून तार लोंबली.

"पाहिलंत? नजर म्हातारीवर उलटली!" बाबा ओरडले. पत्र्यावर कुणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी चंबू हलवला. वर पांढरा फेस आला. मग त्यांनी धुण्याच्या दगडावरची साबणाची पावडर पाण्यात कालवून तिसरी बशी केली. डाव्या सडाचं दूध, तशीच तार.

"हा कासदाह," त्या म्हणाल्या. "डावी बाजू दगडासारखी घट्ट आणि तापलेली आहे, उजवी मऊ. यांनी आशीर्वादाच्या नावाखाली तेच चाचपलं. रोगाशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या दुधात उतरतात. यांच्या पाण्यातल्या साबणाने त्या फुटतात आणि दूध असं तारेसारखं होतं. हीच तपासणी आम्हीही करतो. पाणी खरं बोलत होतं, बाबा खोटं बोलत होते."

"मग एका शेळीचं दुसरीला कसं झालं?" सासूने विचारलं.

बाईंनी खुंटीवरच्या ओल्या फडक्याकडे बोट केलं. "सगळ्यांच्या कासा यानेच पुसता ना? प्रत्येकीला वेगळं, स्वच्छ फडकं घ्या. हात साबणाने धुवा. आजारी शेळीची धार शेवटी काढा, ते दूध फेकून द्या. आणि कास सुजली की त्याच दिवशी मला बोलवा."

बाबा चंबू तिथेच टाकून मागच्या कुंपणावरून पसार झाले होते. बाईंनी सडातून गाठी पिळून काढल्या, इंजेक्शन दिलं. भुरी वाचली, पण डावी बाजू आटली ती आटलीच. औषधाची वेळ मंतरलेल्या पाण्यात गेली होती.

सासू रिक्षातलं बोचकं उतरवायला गेली. धाकटीने बाळाला छातीशी धरलं आणि विचारलं, "आई, बाई आल्याच नसत्या तर?"

सासूने बोचकं ओट्यावर ठेवलं. "तर मी तुला पाठवलं असतं," ती म्हणाली, "आणि बरंच केलं असं जन्मभर समजले असते."

म्हणून सांगतो मंडळी, डोळ्यांनी पाहिलं एवढ्यावर कुणाला दोषी ठरवू नका. त्या अंगणात सगळ्यांनी डोळ्यांनीच पाहिलं होतं. कोणी काही चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, "पुन्हा करून दाखवा, आणि या वेळी आम्ही सांगू तसं."