गळवाला आणि एक खरं पत्र

“गळवाला आला रे, आपापले चहाचे कप झाका!” लिफ्टवाला उपाहारगृहाच्या दारातून ओरडला आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. ज्याच्यावर हसले तोही हसला. आपला चहा घेऊन खिडकीशी एकटाच बसला.

इस्पितळाच्या संगणकांची राखण हे त्याचं काम. शेजारच्या शहरातल्या एका इस्पितळात साध्या बिलाचा वेष घेऊन संगणकावर एक पत्र आलं होतं. कुणीतरी ते उघडलं आणि उजाडेपर्यंत सगळ्या पडद्यांना कुलपं लागली. कुणाला कुठलं औषध ते कळेना. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेली माणसं तशीच घरी गेली. ती बातमी आल्यापासून इथे घाई झाली. सगळ्या नोंदींच्या प्रती वेगळ्या जागी ठेवल्या, प्रत्येक पासवर्डला दुसरी कडी बसवली, जुनी यंत्रं बदलली. मग अधीक्षक म्हणाले, “दारं झाली. आता माणसांचं बघा.”

माणसांचं बघायचं म्हणजे त्यांना खोटी पत्रं पाठवायची आणि गळाला कोण लागतं ते पाहायचं. कुणाला सुट्ट्यांची यादी, कुणाला बक्षीस, कुणाला कुरिअरचा निरोप. जो उघडेल त्याच्यासमोर लाल पडदा: तुम्ही फसलात. घरी बायकोला दोन ओळींची चिठ्ठी लिहायची तर त्याचं पेन अडे, पण खोटं लिहायला बसला की हात कसा पाण्यासारखा वाहायचा. हाताला गुण होता खरा, पण त्या गुणाने त्याला जेवायला सोबत राहिली नाही.

रक्तपेढीच्या ताई दोनदा फसल्या. दुसऱ्या वेळचं पत्र त्याने सगळ्यांनाच पाठवलं होतं: ‘ओळखलंस का मला? किती वर्षं झाली!’ बाकीच्यांनी ते बघून सोडून दिलं. ताईंनी मात्र ते आल्याआल्या उघडलं. तिसऱ्यांदा फसल्या तर त्यांची रक्तपेढीतली खिडकी जाऊन गोदाम येणार होतं. त्या जिना चढून त्याच्याकडे आल्या.

“साहेब, मला गोदामात नका धाडू. तिथे काय, बाटल्यांशी गप्पा मारू?”

“मग अनोळखी पत्र उघडू नका, ताई. शंका आली की ते कोपऱ्यातलं बटण दाबा. पत्र माझ्याकडे येईल.”

“आणि खरं निघालं तर?”

“तर मी परत देईन ना. मी कशाला बसलोय?”

ताई मान हलवून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आणखी काही होतं, पण ते विचारायची त्याला सवय नव्हती.

त्यानंतर सगळं इस्पितळच ते बटण दाबू लागलं. उपाहारगृहाची भाजीची पाटी संशयित, पाणी बंद राहण्याची सूचना संशयित, खुद्द अधीक्षकांचं शुभेच्छापत्रही संशयित. त्याच्या पडद्यावर रास साचली. उपसून उपसून तो कंटाळला. काल संध्याकाळी म्हणाला, उद्या बघू.

आज चहा संपवून वर आला आणि राशीतलं एक पत्र उघडलं. रक्तपेढीतून आलेलं. न उघडताच बटण दाबलेलं.

‘ताई, तुझा नंबर बदललाय वाटतं. हा पत्ता इस्पितळाच्या पानावर मिळाला. आईच्या आजारपणात मी आलो नाही, तेव्हा तू म्हणालीस, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तरी आलोय. तुझ्या कामावर येऊन तमाशा नको, म्हणून स्टेशनसमोरच्या उपाहारगृहात बसतो. उद्या दुपारपर्यंत आहे. नाही आलीस तर समजेन.’

पत्र कालचं होतं. म्हणजे उद्या तो आजच. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. उन्हं समोरच्या भिंतीवरून उतरून गेली होती.

लिफ्टसाठी न थांबता तो जिना उतरला. ताई रोजच्यासारख्या रक्तपेढीच्या शीतकपाटापाशी उभ्या होत्या.

“ताई, काल तुम्ही पाठवलेलं पत्र खरं आहे. तुमच्या भावाचं.”

ताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “तिसरी परीक्षा का?”

“नाही हो, शपथ.”

“शपथ तुमच्या पत्रात पण असते.”

“त्यात आईच्या आजारपणाचं आहे. वाचून दाखवू?”

“नको.” त्यांनी हात वर केला. “एवढं तर कुणालाही विचारून कळेल. तुम्हीच शिकवलंत. तुम्हीच सांगा, खरं कसं ओळखायचं?”

हातात पुरावा होता आणि त्याचा शब्द मात्र पोकळ. “ज्या वाटेने पत्र आलं त्या वाटेने विचारायचं नाही,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरावर फोन करायचा.”

ताईंनी रिसीव्हर उचलला. कुठेही न बघता नंबर फिरवला. भावाच्या दूरदेशीच्या घराचा, लांबलचक. इतक्या वर्षांत कधी न लावलेला, पण तोंडपाठ.

“वहिनी? मी बोलतेय… हो, मीच. … तो इकडे आला होता?”

मग बराच वेळ त्या नुसत्या “हं” म्हणत राहिल्या. शेवटी रिसीव्हर जागेवर ठेवला, वायरचा पीळ बोटांनी सोडवला.

“गेला. आता विमानात असेल. दोन चहा मागवून बसला होता म्हणे.”

“माझ्यामुळे झालं, ताई. मी काल बघायला हवं होतं. म्हणालो होतो ना, मी बसलोय म्हणून.”

“म्हणाला होतात,” ताई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. रक्ताच्या पिशवीवरचं वजन वाचावं तसं त्या बोलल्या.

तेवढ्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतून माणूस धावत आला. रक्त हवं होतं. पेढीतून बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी दोघांनी मोठ्याने वाचून पडताळायची, असा इथला रिवाज. ताईंची जोडीदारीण चहाला गेली होती.

“या, तुम्ही उभे राहा. मी वाचते, तुम्ही कागद बघा. चुकलं तर चुकलं म्हणा, भिडेखातर हो म्हणू नका.”

ताईंनी गट वाचला, आकडा वाचला, रुग्णाचं नाव वाचलं. तो प्रत्येकाला “जुळतं” म्हणत गेला. मग पिशवी त्याच्या हाती देऊन त्या म्हणाल्या, “आता तुम्ही.” त्याने वाचलं, त्यांनी कागद पाहिला. थंड पिशवीने त्याचा तळवा बधिरला होता. माणूस ती घेऊन पळाला.

ताईंनी हात धुतले, पुसले, खुर्चीत बसल्या. त्याने त्यांच्याच यंत्रावरून ते पत्र सोडवून परत दिलं. पडद्यावर सगळ्यांत वर येऊन ते थांबलं. ताईंचा हात माऊसवर गेला आणि तिथेच राहिला.

“उघडू ना?” त्यांनी विचारलं.

“उघडा, ताई.”

तो शीतकपाटाकडे तोंड करून उभा राहिला. यंत्र एकसारखं घुमत होतं. मागून माऊसची टिक् ऐकू आली, तरी त्याने वळून पाहिलं नाही.